शेरा

रात्री पावणेदोनला मुर्मानचा फोन :
"जाळ्यात आलीय. जिवंत आहे. लवकर ये."
तीन वाक्यांपलीकडे तो बोलत नाही.

नेस्तान गमबूट चढवते.
मोजपट्टी, कातर, अल्कोहोलच्या दोन कुप्या,
फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत.
गाडी रिओनीच्या काठाकाठाने, चिखलातून,
मक्याची कापलेली शेतं,
कुणाची तरी डुकरं भर रस्त्यात झोपलेली.

मुर्मान कमरेइतक्या पाण्यात उभा,
मासा दोन्ही हातांवर आडवा, तोंड प्रवाहाकडे,
जसं आजाऱ्याला खिडकीशी निजवावं.
चाळीस मिनिटं तसाच.
त्याचे ओठ निळे पडलेत.

स्टर्जन.
पाठीवर हाडांच्या ढालींची रांग,
नाकाखाली चार मिशा, दात एकही नाही.
वर धरण झालं तेव्हापासून
हिच्या वाट्याला अर्धीच नदी.
तरी येते.
समुद्राच्या तोंडाशी पोटी नावाचं बंदर,
त्याच्या दिव्यांखालून, जहाजांच्या गंजक्या बुडांखालून,
गोड्या पाण्याची चव धरून.

लांबी : एकशे एकसष्ट.
घेर : अठ्ठावन्न.
पराच्या कडेचा नखाएवढा तुकडा कुपीत,
जात कोणती ते तिबिलिसीची प्रयोगशाळा कळवील
सहा आठवड्यांनी.
लिंग :

नेस्तान थांबते.
बाहेरून पाहून सांगता येत नाही,
तिला शिकवलंय तसं.
पोट उघडल्याशिवाय खात्री नाही.
ती 'अनिश्चित'मधला 'अ' लिहिते.

"मादी," मुर्मान म्हणतो.
त्याचा तळवा माशाच्या पोटाखाली सपाट.
"भरलेली. आठ-दहा दिवस, फार तर."

कशावरून, असं ती विचारत नाही.
या काठावर सगळ्यांना ठाऊक आहे.
ब्याण्णवचा हिवाळा, वीज नाही, पाव नाही,
मुर्मानच्या घरी मात्र चूल पेटायची.
बहिणीचं लग्न एका माशाच्या पोटातून निघालं,
बापाची कवळी दुसऱ्याच्या.
काळी अंडी, मीठ लावून, लोणच्याच्या बरणीत,
बरणी कोटाच्या आत, कोट बाजारात.
किती मासे, ते त्याने मोजले नाहीत.
मोजणं नंतर आलं,
मोजण्यासारखं फार उरलं नाही तेव्हा.

सुरी कुठे टेकवायची
हे ज्या तळव्याने शोधायचं,
तोच तळवा आता पाण्याखाली
हलकेच सरकतो, थांबतो,
पुन्हा सरकतो.
विसरावं म्हटलं तरी हाताला विसरता येत नाही.

नेस्तान 'अ' खोडते.
शेवटचा रकाना : शेरा.
एरवी ती तिथे वारा लिहिते, पाण्याचा गढूळपणा.
आज लिहिते,
'मादी, अंडी परिपक्व. मु. ने हाताने ओळखली.'
वरिष्ठ विचारतील, ही कुठली पद्धत?
विचारू देत.

"सोडू?"
"थांब," तो म्हणतो. "तिचं तिला ठरवू दे."
बराच वेळ काहीच नाही.
पलीकडच्या काठावर कुत्रं भुंकतं, गप्प होतं.
मग शेपटीचा एक फटका,
मुर्मान तोंडावर पाण्यात,
आणि त्याच्या हातांचा तो आकार रिकामा.

जाळं फाटलंय. भरपाईचा फॉर्म वेगळा,
त्यावर तो अंगठा-बिंगठा नाही, ऐटीत सही करतो,
ओल्या कागदावर शाई पसरते.

"पुढच्या वेळी," गाडीत हीटरपुढे बसून
तो चौथं वाक्य बोलतो,
"मोजपट्टी विसरलीस तरी चालेल.
कोरडे मोजे आण."