मागच्या खोलीतली ओल

विकायला काढलं तेव्हा मार्च होता.
मार्चमध्ये आमची भिंत
साधूसारखी कोरडी असते.

एजंट म्हात्रे म्हणाले, वहिनी,
आत्ताच रंग मारून घ्या, मेमध्ये सौदा,
जूनमध्ये ज्याचं घर त्याची भिंत.
मी हसले. माझं हसणं मलाच ऐकू आलं.
फिकट पिस्ता रंगाचा डबा मीच आणला
तीन टाकीच्या नाक्यावरून.

रंगाखाली गेल्या
सुवार्ताच्या उंचीच्या पेन्सिलखुणा:
वय चार, वय सहा, वय सात.
ओल दरवर्षी वय सातपर्यंत चढायची
आणि थांबायची,
जणू तिलाही कुणी हद्द घालून दिली होती.

रात्री कुटुंबप्रार्थना.
मनश्शे चष्मा पुसून वचन वाचतो,
मी एकेक नाव घेऊन मागते:
आजारी, बेकार, परीक्षेला बसलेले,
सासूबाईंचा गुडघा,
आणि शेवटी, प्रभू, सौदा होऊ दे.
भिंतीचं नाव घेतलं नाही.
जसं काही त्याला माहीतच नव्हतं.

आले ते जंगम.
तो तुर्भ्याला फॅक्टरीत, तिला सातवा महिना.
ती मागच्या खोलीत रेंगाळली,
म्हणाली, पाळणा इथे, या भिंतीला,
इथे डोळ्यांवर ऊन येत नाही.
मी चहा गाळत होते.
बशीत सांडला तो पदरानेच पुसला.

मनश्शे उठला.
या माणसाला भाजीवालीशी घासाघीस जमत नाही,
बावीस वर्षं मी त्यावरून त्याला बोलत आलेय.
तो गेला, ताज्या पिस्त्यावर तळवा ठेवला
सात वर्षांच्या मुलीचं डोकं येईल तिथे.
म्हणाला, पावसाळ्यात इथवर ओल येते.
पाळणा समोरच्या भिंतीला ठेवा.

एवढंच. ना वचन, ना उपदेश.
म्हात्र्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला.
दीड लाख उतरले.

त्या रात्री मी त्याला जे बोलले
ते इथे लिहीत नाही.
सुवार्ताची नर्सिंगची वर्षाची फी,
हे मात्र तीनदा म्हणाले.
तो म्हणाला, मला तो पाळणा दिसला गं.
दिसल्यावर काय करायचं?
प्रार्थना झाली नाही.
पहाटे पाणी भरायची पाळी माझी होती,
उठले तर पिंप काठोकाठ,
आणि तो शर्टाची ओली बाही पिळत उभा.

गुरुवारी बायकांच्या सभेत साक्षी चालल्या:
कुणाच्या मुलाला दुबईचा व्हिसा,
कुणाची गाठ साधी निघाली.
पाळकीणबाई म्हणाल्या, तुमचंही घर विकलं गेलं,
देवाने केलं ना?
केलं, म्हटलं.
किती उतरलं ते गिळलं.
घरी येताना वाटलं,
बहुतेक मी उलट्या टोकाने साक्ष धरलीय,
पण सरळ टोक कोणतं
ते तेव्हा सापडलं नाही.

आता घणसोलीत भाड्याने.
सुवार्ता दुपारी मेडिकलच्या दुकानात उभी असते,
फी हप्त्याने.
मी अजून मधूनच दीड लाखाचा हिशोब करते,
फोडणी करपते.

जुलै संपताना फोन आला.
काकू, ओल आली.
माझ्या पोटात गोळा.
नाही हो, ती म्हणाली, काकांनी दाखवली तिथवरच,
बोटभरही वर नाही.
बाळ समोरच्या भिंतीला झोपलंय.
आणि रंग सुटलाय तिथे
पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, सु, वा,
पुढचं पुसट आहे. काय ते?

मुलीचं नाव, म्हटलं. सुवार्ता.
छान आहे, ती म्हणाली. अर्थ काय?

मागे मनश्शे
चष्मा पुसायचा थांबला होता.
मला सांगायला
जरा वेळ लागला.