बाकी लावा

अमळनेरात मे महिन्यात
पारी लाटायची ती पहाटे चारलाच.
ऊन चढलं की तिचा पापड होतो,
म्हणून ओलं फडकं, पंखा बंद,
आणि पिठात घाम पडू नये म्हणून
कपाळाला ह्यांचा कंडक्टरकीतला जुना रुमाल.

खापरावर मांडे टाकून टाकून
मनगटात उतरलेलं पातळपण
इथे कामाला आलं.
पारीतून खालचा पेपर वाचता येतो.
मी पिस्त्याचा भाव वाचते
आणि शेंगदाणे भाजायला घेते.
वरून हिरवी चिमूट, दिसण्यापुरती.

कोकिळाबाई म्हणाल्या, "हाई काय शे? चिरोटाच ना?"
मी म्हटलं, चुलतभाऊ त्याचा, मस्कतला असतो.
"मंग घर कधी येस?"
दोन तुकडे खाल्ले, पैसे विचारले नाहीत.

सहाचा डबा एकशे वीसला.
पुठ्ठा आठ, गॅस अंदाजे,
तूप मी हिशेबात धरतच नाही.

नाव मुलाने लिहिलं, मार्करने, घाईघाईत.
लोटन शिंप्याने चष्मा वर करून वाचलं,
"बाकी लावा."
आणि लावली.

आता वहीत अकरा नावं.
लोटनने परवा दोन ब्लाउज आणून दिले,
शिलाई घेतली नाही,
तरी चाळीस कुणाकडे निघतात
ते त्यालाही सांगता येईना, मलाही.

अक्षर नीट करायचं राहूनच गेलंय.
ताटातल्या कडा वाकड्या निघतात,
त्या विकत नाही.
पाक गार होईपर्यंत
उभ्यानेच खाते.