धुराचा रकाना

हर्णै बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत
डिझेलची वही मी लिहिते, तेरा वर्षं झाली.
नौका, तांडेल, लिटर, दर, सही.
सही येत नसेल तर अंगठा,
आणि अंगठ्याला आधीच वंगण असतं,
शाई धरत नाही.

कपाटात वरच्या फळीवर आप्पांची एक वही आहे.
माझ्याआधी याच खुर्चीत ते बसायचे.
त्यांच्या वहीत 'अंबाप्रसाद': एकशे चाळीस लिटर,
काल गेली, आज आली, वीस वावांत बांगडा.
माझ्या वहीत 'अंबाप्रसाद', तिची नातच म्हणा,
सहाशे चाळीस लिटर, पाच दिवस,
आणि जाळ्यात निम्मी झार.
बाबल पावसे म्हणतो,
"पाणी तापलंय गो. मासा लांब गेला, आमी त्याच्या पाठी."
पाठी जायला डिझेल लागतं.
ते मी देते.

मागल्या माघात रत्नागिरीहून एक मुलगी आली,
मत्स्य कॉलेजची. सुवर्णदुर्गाच्या खडपांपाशी
दोरीला तापमापक बांधून पाण्यात सोडायची.
चहाला टेकली, माझी वही चाळली, म्हणाली,
ताई, लिटरभर डिझेल भरतं सव्वाआठशे ग्राम,
जळलं की त्याचा वायू होतो पावणेतीन किलोच्या घरात.
मी हसले. घातलं त्याच्या तिप्पट निघेल कसं?
"उरलेलं वजन तो हवेतून उचलतो."

म्हणजे सावकारच की.
मुद्दल सव्वाआठशे, येणं पावणेतीन किलो,
आणि वसुली कुठल्या पिढीकडून
ते कागदावर नाही.

रात्री पाटावर बसून गुणाकार केला.
सहाशे चाळीस गुणिले पावणेतीन: सतराशे साठ किलो.
एक नौका, एक फेरी.
बंदरात नौका किती, मला तोंडपाठ आहे.
पुढचं गणित केलं नाही. जेवले.
मग केलं.

उजाडताना क्षितिजावरून
जयगडच्या अंगाला कोळशाचं जहाज सरकतं.
बाबल बोट दाखवतो, "त्यांचा मोज आधी."
खरं आहे. त्यांचा मोजायलाच हवा,
त्यांच्यापुढे आमचा धूर म्हणजे
दर्यात शिंकरलेलं नाक.
पण विजेवर आमचा बर्फाचा कारखाना चालतो,
आणि माझ्या डोक्यावरचा पंखा,
तो काही वाऱ्याने फिरत नाही.

नव्या वहीत एक रकाना जास्तीचा आखला.
वर लिहिलं: धूर.
पहिली नोंद माझीच:
स्कूटी, आंजर्ले ते हर्णै, आठवड्याला दोन लिटर.
चेअरमन चोगले म्हणाले, याचे पैसे कोण देणार?
मी म्हटलं, तेच विचारतेय.

बाबलने स्वतःचा आकडा दोनदा विचारला.
काही बोलला नाही, जाळं शिवत बसला.
पुढच्या फेरीत पाचशे साठ.
"रेस कमी ठेवली. मासा तेवढाच गावला,
उशीर झाला म्हणून घरात बोलणी खाल्ली."
त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा सहाशे तीस.
लिलाव गाठायचा होता.
दोन्ही लिहिले.

मार्चात ऑडिटर आले. लाल शाईने रकान्यावर तिरकी रेघ.
"मंजूर नमुन्यात हे नाही. आणि पेन्सिलीने?
वही पेन्सिलीने लिहितात का, बाई?"

मी काही बोलले नाही.

वादळात या खोलीत कमरेइतकं पाणी शिरलं होतं.
खालच्या फळीवरच्या आप्पांच्या सगळ्या वह्या
आम्ही पुळणीवर उन्हात वाळवल्या, पानपान उलटून.
निळी शाई वाहून गेलेली. नावं, दर, सह्या,
सगळं आभाळासारखं एकरंगी.
समासात पेन्सिलीने मारलेल्या बेरजा
तेवढ्या जागच्या जागी.

बाबल आज येईल.
टोक काढून ठेवलंय.