उणे एकवीस

फोन लागायच्या आधीच मला ठाऊक असतं
तो कधी तुटणार.
यात ज्योतिष नाही. खात्यातली शिल्लक,
त्या देशाचा दर, एक भागाकार.
उत्तर सेकंदांत येतं
आणि घंटी वाजण्यापूर्वी कॉलच्या गळ्यात बांधलं जातं,
बोलणाऱ्यांच्या नकळत.

शेवटचं मिनिट उरलं की एक बाई तसं सांगते.
ती हर्षदा गोडांबे. रास्ता पेठेतल्या याच ऑफिसात
पंखा बंद करून एका दुपारी तिने सगळी वाक्यं रेकॉर्ड केली.
चौथ्या खेपेला शिंक आली नाही, ती खेप ठेवली.

अर्धं मिनिट पुरं धरायचं, हे लोंढेसाहेबांचं धोरण.
एकसष्टावा सेकंद म्हणजे दोन मिनिटं.
गिऱ्हाइकं हे महिन्याभरात शिकतात.
रोजच्या नोंदी मी बघते:
एकोणसाठ. एकशे अठरा. एकोणसाठ. एकशे सतरा.
घड्याळावर डोळा ठेवून माणसं म्हणतात, बरं, ठेवते.
"आणि हो, एक राहिलंच"
याला आमच्याकडे तीन रुपये पडतात.

मंगळवारी एक खातं उणे एकवीसवर गेलं.
प्रीपेडमध्ये उणे नसतं.
आधी पैसे, मग बोलणं, सगळा डोलारा त्यावर.
लोंढेसाहेब म्हणाले, कोणीतरी चोर आहे, शोध.

शोधलं. खातं एक, पिन एक.
रात्री नऊ बावीसला घोरपडीहून एक कॉल,
त्याच मिनिटाला खडकीच्या होस्टेलातून दुसरा.
दोन्ही सलालाला, वेगवेगळ्या नंबरांवर.
पहिल्याने विचारलं, किती आहेत? यंत्र म्हणालं, एकवीस.
दुसऱ्याने विचारलं. पहिला अजून बोलतच होता,
पैसे कापायचे ते फोन ठेवल्यावर,
म्हणून यंत्र पुन्हा म्हणालं, एकवीस.
दोघांना सात-सात मिनिटं. चारशे वीस सेकंद.
हसू नका, भागाकारच तसा आला.

चोर मीच. ओळ क्रमांक दोनशे अकरा.
एकच भाकरी दोन ताटांत अख्खी वाढली होती मी
आणि दोघांनी ती अख्खी खाल्ली.

गुरुवारी एक मुलगा जिना चढून आला,
पाठीला दप्तर, गणवेशाला शाई.
"घोरपडीचं फाटक बंद होतं, म्हणून उशीर झाला,"
जणू आम्ही वाट बघत होतो.
शमुवेल उजागरे. आई सलालाच्या इस्पितळात नर्स.
त्या रात्री ड्यूटीवर: वॉर्डाचा फोन एका कानाला,
स्वतःचा मोबाइल दुसऱ्या.
इकडून ताई, इकडून हा.
"आईने विचारलं, जेवलीस का, आणि मी पण हो म्हणालो.
मला ताई ऐकू येत होती. आईच्या फोनातून, बारीक.
आम्ही तिघं... म्हणजे एकदम असं कधी होत नाही."
मग त्याने टेबलावर दोन दहाच्या नोटा ठेवल्या,
वर एक नाणं.
"उणे दाखवतंय."

ऑफिसात रोख घ्यायची सोय नाही.
कमीत कमी रिचार्ज शंभराचं.
लोंढेसाहेबांनी नाणं उलटसुलट करून बघितलं,
नोटांवर परत ठेवलं, सगळं त्याच्याकडे सरकवलं,
आणि खिडकीतून खाली ओरडून चहा सांगितला.
एक जास्तीचा.

संध्याकाळी मी ओळ दुरुस्त केली.
आता पहिला कॉल लागला की पैशांना कुलूप.
तपासायला हर्षदाने आणि मी एकेक फोन उचलला,
एकाच वेळी एकच पिन दाबला.
तिचा लागला.
माझ्या कानात तीच बोलली, स्वच्छ, शिंक न येता:
आपली शिल्लक अपुरी आहे.
टेबलापलीकडे ती कुणाला तरी
हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का, म्हणत होती.

नोंदवहीत मी लिहिलं: चूक दूर झाली.
वेळ टाकली, सही केली.