धुतलेली वांगी

जशभाई आले संध्याकाळच्या बसने,
खांद्यावर तीच खताची गोण,
उलटी करून शिवलेली, अक्षरं आतल्या बाजूला.
लिफ्ट बंद. चौथा मजला चढून आले
आणि धाप लागलीच नाही असं दाखवत
दारात चपला काढत राहिले
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"लो वहू, खेतर आव्युं."
शेत आलं. उत्तरायणाच्या आधी दरवर्षी हेच म्हणतात.

मी ओट्यावर गोण मोकळी केली.
वांगी, एकेक पाऊण किलोचं,
ओल्या लसणाच्या जुड्या, तुरीच्या शेंगा,
हळदीची बोटं, आंबेहळदीची बोटं,
आणि तळाशी जुन्या साडीच्या फडक्यात
बाजरीचं पीठ.

सगळं स्वच्छ.
लसणाच्या मुळांना माती नाही,
हळदीच्या पेरांत नाही.
पंधरा वर्षं याच आठवड्यात माझ्या सिंकची जाळी तुंबते,
पंधरा वर्षं मी कुरकुरत
पादऱ्याकडची ती भुरी माती चमच्यानं उपसून
कढीपत्त्याच्या कुंडीत टाकते.
आज पाणी सरळ खाली गेलं.

शेंगांमध्ये एक चिटोरा होता.
पेन्सिलीनं, गुजराती आकड्यांत:
रिंगण ३, तुवेर २,
खाली बेरीज, बेरजेतून दहा रुपये वजा.
घासाघीस केली असणार
खंडेराव मार्केटात, गोण पायाशी ठेवून.

बाहेर पिनाकिन विचारत होता, "पप्पा, चहा?"
शेताचा विषय दिवाळीपासून
आमच्याकडे कोणी काढत नाही.

मी वांग्याला तेलाचा हात लावला,
चार चिरा दिल्या, चिरेत लसूण खोचला,
आणि जाळावर धरलं.
चिटोराही धरला. त्याला वेळ लागला नाही.
वांगं मात्र सावकाश:
साल तडकते, रस फसफसतो,
घरभर धूर, वरच्या कोकिळाबेन
धाडकन खिडकी लावून घेतात.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, भाखरी कर.
मी दांडिया बाजारातली, बाजरीची थापली.
त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"आ तो रोटलो छे."
त्यांची भाखरी गव्हाची, तव्यावर दाबून दाबून
खुटखुटीत केलेली.
एका ख-च्या अलीकडे माझं माहेर, पलीकडे सासर,
आणि मी परातीत हात घालून मध्ये.
त्या दिवशी न बोलता जेवले.
दुसऱ्या दिवशी म्हणाले, कालचंच कर.

तर आज कालचंच.
भरितात हिरवा लसूण मूठभर, मुठीवर आणखी थोडा.
तुरीचे दाणे आलं-मिरचीत.
हळदीच्या चकत्या लिंबामिठात, बोटं पिवळी,
उद्या शाळेत मुलं विचारतील, बाई, मेंदी चुकली का?
लोण्याचा गोळा. गूळ. ताक.
आणि माझ्या आईचा ठेचा, जो ते
"तीखुं, बहु तीखुं" म्हणत दोनदा घेतात.

भाकरी थापताना हाताला काही लागलं नाही.

ताटावर बसले. भरिताचा घास घेतला.
"आपल्या शेतातलं," माझ्याकडे न बघता म्हणाले.
"चवीवरूनच कळतं," मी म्हणाले.
पिनाकिननं मान खाली घालून लोणी पसरलं,
खूप वेळ पसरलं.

मग भाकरीचा कडेचा तुकडा मोडला त्यांनी,
चावला,
आणि थांबले.
कच्च.
मलाही ऐकू आलं.
गेल्या साली खळ्यात झोडपलेली बाजरी,
तिच्याबरोबर एक कण चुकून आलेला,
चाळणीतून, जात्यातून, आईंच्या साडीतून.

"रेती छे," म्हणाले.
मी म्हणाले, "दुसरी देऊ का?"
त्यांनी ताटावर हात आडवा धरला
आणि तोच तुकडा
पुन्हा, हळूहळू, चावत राहिले.