सहा पन्नासची बामणोली

मे महिन्यात बालवाडी बंद,
शेजारच्या पवारकाकूंनी दारातूनच सांगितलेलं, यंदा जमायचं नाही.
म्हणून तू माझ्या ड्यूटीवर यायचास.
सातारा स्टँड, सहा पन्नासची बामणोली.

पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी
तुझं तोंड पुसता पुसता बजावलं होतं,
गाडीत आई म्हणायचं नाही.
"मग काय म्हणू?"
"काहीच नको. गप बसायचं."
तू थोडा विचार केलास.
"कंडक्टर म्हणतो."

मुलाणी ड्रायव्हरच्या मागची खिडकी तुझी.
वर लिहिलेलं, विधानसभा सदस्यांसाठी राखीव.
सदस्य काही आले नाहीत कधी.
यवतेश्वरचा घाट लागला की तू गिअर टाकायचास, तोंडानं,
आणि तिसऱ्या वळणाला मुलाणीमामा वळून विचारायचे,
"आता काय टाकू, दुसरा का पहिला?"
तू सांगशील तो ते टाकायचे.
निदान तसं दाखवायचे.

पंचातून गळलेल्या टिकल्या,
गुलाबी, हिरव्या, पिवळट,
तू बाकांखाली रांगून काड्यापेटीत भरायचास
आणि पेट्रीला उतरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तळहातावर
एकेक ठेवायचास.
"सुट्टे घ्या."
घ्यायचे ते. कनवटीला लावायचे.

एकोणीस तारखेला तुला पाच पूर्ण झाली.
मी तुझं अर्धं तिकीट फाडलं, माझ्या पैशांनी.
तू ते दोन्ही हातांत धरून बसलास
आणि त्या दिवशी एकदाही
खिडकीतून हात बाहेर काढला नाहीस.

नेमकी त्याच आठवड्यात
कासच्या अलीकडं तपासणीची जीप आडवी आली.
शेडगेसाहेब चढले. ट्रे बघितला, बॅग मोजली,
मग तुझ्यापाशी थांबले.
"कुणाबरोबर रे, बाळ?"
तू तिकीट पुढं केलंस.
"ते झालं. आई कुठाय तुझी?"
मी मागच्या दाराशी, दांडी घट्ट धरून.
तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस.
"घरी हाय. झोपलीय."

त्या घरात झोपलेल्या बाईचा
मला अजून हेवा वाटतो.

बामणोलीला चाळीस मिनिटं मिळायची.
धरणाचं पाणी खूप आत गेलेलं,
भेगाळलेल्या चिखलात कुणाच्या तरी जुन्या बांधाचे दगड उघडे.
पळसाच्या द्रोणात करवंदं,
तुझी जीभ जांभळी, माझा खाकी खिसा पण जांभळा.
तू लाँचकडं बोट दाखवायचास.
मी म्हणायचे, पुढच्या खेपेला.
खेपा काय, रोजच होत्या.
तू त्या काड्यापेटीत टिकल्यांखाली नाणी साठवायला लागलास,
लाँचसाठी, मला न सांगता.

मला कळलं ते डेपोत,
हिशेबाच्या खिडकीशी, दोन रुपये कमी पडले तेव्हा.
बॅग उलटी केली, चोळीत बघितलं,
मागं रांग, पुढं कॅशियरची पेन्सिल टकटक.
तू खालून पेटी वर केलीस.
"घे, कंडक्टर."
घेतले मी.
उद्या देते म्हणाले.

पुढच्या मे महिन्यात तू मामाकडं, कोरेगावला.
त्याच्या पुढच्या मे महिन्यात क्रिकेट.
मुलाणीमामा निवृत्त झाले, वर्षभरात गेले.

आता तू शिरवळला, कंपनीत, रात्रपाळीला.
दुपारी फोन केला की खोलीतला पोरगा उचलतो,
"प्रणीत झोपलाय, काकू. उठवू का?"
नको म्हणते. झोपू दे.

तिकिटं मशीनमधून निघतात,
पांढरी, पुसट, महिन्यात कोरी होतात.
भोक पाडायचं काही राहिलं नाही.

परवा बामणोलीला गाडी लागल्यावर
उतरून पाण्यापर्यंत गेले. चप्पल हातात घेतली.
लाँचवाल्याला भाडं विचारलं.
तो म्हणाला, "किती जण, मावशी?"
मी म्हणाले, "एक फुल, एक हाफ."
सवय. गेलं तोंडातून.
तो माझ्या मागं बघायला लागला,
पोर कुठंय म्हणून.