खालची बाजू

चौकीच्या घराला जमीन नाही, फळ्या आहेत.
सागाच्या, हातभर रुंद,
दगडी खुंटांवर उचललेल्या. खाली दीड हात काळोख.
ज्या साहेबानं बांधून घेतलं
त्याला सापांची भीती असावी, थंडीची नसावी.
पौषात पठारावरून वारा उतरतो
तो दाराशी थांबतच नाही, आधी खाली शिरतो
आणि फटीफटींतून वर येऊन
पायाची बोटं एकेक करून मोजतो.

तीन अर्ज केले.
उत्तर आलं : सदर बाब तरतुदीत बसत नाही.
मी आणखी एक चटई घेतली.
सानू धांडेकर म्हणाला, "मॅडम, थंडी खालतून येते
अन् तुम्ही वरतून झाकता.
गाईले झूल घातली अन् चिखलात बसवली,
काय फायदा?"

मग गादी उसवली.
दर्यापूरहून टेम्पोत आलेली, दोघांच्या मापाची,
सहा वर्षं एकाच कडेनं दबलेली.
परतवाड्याच्या इस्माईल पिंजाऱ्यानं
कापूस चिमटीत धरून पाहिला.
"इतका चांगला माल. दोन सिंगल करून देऊ?"
नको म्हटलं. जमिनीखाली घालायचाय.
त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा कापसाकडं,
आणि यंत्र सुरू केलं.
पिंजल्यावर दबलेला कुठला, कोरा कुठला,
मलाही सांगता येईना.

सानूचे खांदे मावेनात, म्हणून मीच शिरले.
उताणी. कपाळाला टॉर्च, दातांत खिळे,
पोटावर खताची धुतलेली पोती.
पोत्यात कापूस, कापसात कडुलिंबाचा वाळला पाला,
उधईसाठी मूठभर चुना.
दोन सऱ्यांमध्ये पोतं दाबायचं,
गुडघ्यानं तोलायचं,
खालून कोंबडजाळी ठोकायची.
हातोडा उगारायला जागा नाही,
नुसतं टकटक करायचं,
शेजाऱ्याचं दार वाजवावं तसं.

फळ्यांना खालून कुणी रंधा मारला नव्हता.
डेपोचे ठसे तसेच, आकडे तसेच,
एकीवर कोळशानं केलेली बेरीज,
हातचा एक विसरलेली.
किती जण त्या बेरजेवर उभे राहिले,
जेवले, झोपले,
बदली होऊन गेले.

मातीत बोटभर धूळ. धुळीत
नागमोडी कडांचे दहा पैसे,
कोटाचं बटण, पाटीच्या पेन्सिलीचं टोक,
आणि एक दुधाचा दात,
छपरावर फेकायचा सोडून कुणी फटीत सारलेला.
त्याच्यापासून वीतभर दूर माझं एक जोडवं.
ते पडलं होतं की मी टाकलं होतं, आठवेना.
खिशात घातलं.
मग काढून दाताशेजारी ठेवलं.

वर सानूची फुलमा लंगडी घालत
ढिल्या फळ्या शोधत होती.
"इथं वाजते! इथंबी वाजते!"
माझ्या तोंडावर तिच्या टाचांची धूळ पडत होती.

दाराजवळच्या खणाखाली
माती उकरून केलेला वाटोळा खळगा,
त्यात साळिंदराचे तीन काटे, काळेपांढरे.
हात लावला तर खळगा कोमट होता.
तेवढा खण सोडला.
सानूनं विचारलं, काहून?
म्हटलं, कापूस पुरला नाही.
अंगणात भरलेली दोन पोती उरली होती.
त्यानं ती पाहिली,
आणि काही न बोलता सायकलला बांधली.

आता चाललं तर घर ढबढबत नाही,
भरल्या कोठीसारखं बद्द वाजतं.
चटया गुंडाळून ठेवल्या आहेत.
दाराजवळची एक फळी तेवढी
अजून बर्फासारखी.
पहाटे गस्तीला निघताना
तिच्यावरच उभी राहून मी मोजे चढवते.
त्याच सुमाराला तेही परत येतं,
वळतं, जागा करून घेतं,
आणि काटे फळीला खालून घासतात.